झेड४ ला पुढे २२५, मागे २७५: मागची चाकं बसतील का?

पैठणरोड (छत्रपती संभाजीनगर)

नमस्कार मंडळी. गाडी बीएमडब्ल्यू झेड४, जुन्या पिढीची, ई८९. मागच्या चाकांवर चालणारी. सध्या चारही चाकं सारखी आहेत. रिम ८जे × १७ (८ इंच रुंद, १७ इंच व्यास), मागच्या बाजूला ईटी २९ कोरलंय, टायर २२५/४५ आर१७ (रुंदी २२५ मिमी, भिंतीची उंची रुंदीच्या ४५ टक्के). सस्पेन्शन कंपनीचंच आहे, गाडी खाली केलेली नाही.

१८ इंचांचा एक वापरलेला सेट मिळतोय. पुढची चाकं ८जे × १८ ईटी ३०, मागची ९.५जे × १८ ईटी २२, पीसीडी (बोल्टांच्या भोकांचं वर्तुळ) ५ × १२०, सेंटर बोअर (रिमचं मधलं भोक) ७४.१. विकणाऱ्याचं म्हणणं असं की पीसीडी जुळलं म्हणजे चाक बसणारच. पुढे २२५/४० आर१८ आणि मागे २७५/३५ आर१८ टाका म्हणतो.

प्रश्न असे: मागचं चाक घासेल का? एबीएसचा दिवा लागेल का? आहेत तेच बोल्ट चालतील का? आणि आपल्याकडच्या रस्त्यांवर हा खर्च करावा का? गाडी बहुतेक समृद्धीवर जालन्याकडे जाते, अधूनमधून बीड आणि कन्नड घाटातून धुळं.

---

हबरिंग (वाळूज)

भाऊ, पीसीडी जुळणं ही फक्त पहिली अट. त्याने बोल्ट भोकात जातात एवढंच कळतं, चाक मडगार्डच्या आत कुठे उभं राहणार ते नाही. ते ठरतं रुंदी आणि ईटीवरून. आकडे तुम्ही दिलेच आहेत, मांडून बघू.

ईटी म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला (चाक ज्यावर बोल्टने बसतं तो गाडीकडचा भाग) टेकणारा पृष्ठभाग किती मिलिमीटर बाहेरच्या बाजूला आहे. आकडा मोठा तर चाक आत, आकडा लहान तर चाक बाहेर. टायरच्या रुंदीचा निम्मा घ्या. त्यातून ईटी वजा केला की टायर हबपासून बाहेर किती येतो ते कळतं, मिळवला की आत किती जातो ते.

आत्ताचं चाक: ११२.५ वजा २९, म्हणजे बाहेर ८३.५ मिमी. आत १४१.५.

पुढचं नवीन, २२५ आणि ईटी ३०: बाहेर ८२.५, आत १४२.५. एक मिलिमीटरचा फरक. पुढच्या चाकांची काळजी सोडा.

मागचं नवीन, २७५ आणि ईटी २२: बाहेर ११५.५, आत १५९.५. म्हणजे आत्तापेक्षा ३२ मिमी बाहेर आणि १८ मिमी आत. घोटाळा आहे तो या ३२ मध्ये. मडगार्डची कड आतून दुमडलेली असते. मागे दोन बॅगा आणि शेजारी माणूस बसवून गाडी गावातल्या स्पीडब्रेकरवरून उतरली की ती दुमड टायरच्या खांद्यावर बसते. आधी रबराचा काळा भुगा दिसतो, मग खांद्यावर गोल चर पडतो, आणि एके दिवशी टायर तिथूनच चिरतो. शिवाय टायर मडगार्डच्या बाहेर डोकावला की मागचा सगळा चिखल-खडी दरवाज्यावर आणि मागून येणाऱ्याच्या काचेवर.

मडगार्ड रोल करून, म्हणजे आतली कड गरम करून वर दाबून, ५-७ मिमी मिळतात. ३२ मिळत नाहीत. आणि उष्णता नीट दिली नाही तर रंगाला भेगा जाऊन तिथून गंज धरतो. या सेटची मागची चाकं सोडून द्या.

मागे ९जे × १८ ईटी ३५ च्या आसपासचं चाक शोधा आणि त्यावर २५५/३५ आर१८ टाका. हिशोब: १२७.५ वजा ३५ म्हणजे बाहेर ९२.५, आत्तापेक्षा ९ मिमी जास्त. आत १६२.५, म्हणजे २१ मिमी जास्त. बाहेरचे ९ मिमी दिसायलाही भरलेले दिसतात. आतले २१ मात्र चाक चढवून मोजायचे, कागदावर विश्वास ठेवायचा नाही. कारण टायरची प्रत्यक्ष रुंदी कंपनीगणिक आणि रिमच्या रुंदीनुसार ५-७ मिमी इकडेतिकडे होते. २५५/३५ ची प्रमाण रुंदी ९जे रिमवर २६० मिमी धरतात, २५५ नाही.

---

गोदाकाठ (नांदेड)

वरचा हिशोब बरोबर आहे. आता व्यासाचं बघा, एबीएसच्या दिव्याचं उत्तर तिथे आहे.

२२५/४५ आर१७: रिम ४३१.८ मिमी, वर-खाली मिळून टायरची भिंत २०२.५. एकूण ६३४.३.
२२५/४० आर१८: ४५७.२ अधिक १८०, एकूण ६३७.२.
२५५/३५ आर१८: ४५७.२ अधिक १७८.५, एकूण ६३५.७.
२७५/३५ आर१८: ४५७.२ अधिक १९२.५, एकूण ६४९.७.

पुढे २२५/४० आणि मागे २५५/३५ घेतला तर पुढच्या-मागच्या व्यासात दीड मिलिमीटरचा फरक, पाव टक्कासुद्धा नाही. २७५/३५ घेतला तर १२.५ मिमी, म्हणजे जवळजवळ २ टक्के. मागचं चाक मोठं असल्याने दर किलोमीटरला कमी फेरे घेणार. एबीएसचं कंट्रोल युनिट चारही चाकांचे फेरे सतत ताडून बघतं. पुढची चाकं कायम २ टक्के जोरात फिरताना दिसली तर मागच्या चाकांची खरी घसरण त्या फरकात लपते, आणि चाक घसरणं रोखणारं ट्रॅक्शन कंट्रोल उशिरा जागं होतं. दिवा लागो न लागो, त्रास हा आहे. दिवा लागला तर निदान कळतं तरी.

मात्र "पुढचा-मागचा व्यास सारखाच हवा" हा नियम सगळ्या गाड्यांना लावू नका. पोर्शे ९११ च्या ९९२ पिढीतल्या कॅरेरा एस ला कंपनीतूनच पुढे २४५/३५ आर२० आणि मागे ३०५/३० आर२१ येतात. व्यास ६७९.५ आणि ७१६.४, पाच टक्क्यांहून जास्त फरक. तिचं कंट्रोल युनिट त्याच गुणोत्तरावर बसवलेलं आहे. तिथे कोणी दोन्ही व्यास सारखे करायला गेला तर तोच बिघाड करेल. म्हणून सांभाळायचं ते तुमच्या गाडीचं मूळ गुणोत्तर, आणि ते एका टक्क्याच्या आत राहिलेलं बरं. चारचाकी ओढीच्या गाडीत, एक्सड्राइव्ह असो की क्वाट्रो, हे आणखी कडक पाळायचं. तिथे फरक पडला की पुढचा-मागचा शाफ्ट जोडणारा क्लच सतत सरकत राहतो, तापतो आणि झिजतो. तुमची गाडी त्यातली नाही, तेवढी सुटका.

आणखी एक सांगतो, कोणाला आवडो न आवडो. फक्त मागचा टायर रुंद केला की गाडी वळणात जास्त सरळ जायला बघते. मागची पकड वाढली, पुढची तेवढीच राहिली, त्यामुळे नाक बाहेर ओढतं. गाडीच्या कंपन्या मुद्दाम असं करतात, कारण नवख्या चालकाला मागची बाजू सुटण्यापेक्षा पुढची बाजू सुटणं कमी धोक्याचं. मोठ्या ताकदीच्या, मागून ओढणाऱ्या गाडीला पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रुंद मागचा टायर हवाच असतो. पण हलक्या स्पोर्ट्स कार मुद्दाम चारही टायर सारखे घेऊन येतात. मझ्दा एमएक्स-५ चे २०५/४५ आर१७ चारही सारखे, टोयोटा जीआर८६ चे २१५/४० आर१८ चारही सारखे. त्या गाड्या वळणात ज्या चपळाईने वळतात त्यात याचा वाटा मोठा आहे. तेव्हा रुंद मागची चाकं दिसायला हवीत की गाडी घाटात वळायला हवी, हे आधी ठरवा. २२५ आणि २५५ हा मधला, शहाणा जोड आहे. २७५ ने तुमच्या गाडीचं नाक जड वाटायला लागेल.

---

पैठणरोड

दोघांचेही आभार. मागची चाकं बाद. एका दुकानात नवीन सेट मिळतोय: पुढे ८जे ईटी ३०, मागे ९जे ईटी ३५, सेंटर बोअर ७४.१. मागच्यात ईटी ४० चाही पर्याय आहे आणि तो बराच स्वस्त. ईटी ४० घेऊन ५ मिमीचा स्पेसर (हब आणि चाकाच्या मधली चकती) टाकला तर तेच झालं ना? बोल्टचंही सांगा.

---

टॉर्कपाना (जालना)

आकड्यांत तेच होतं, कामात नाही. ५ मिमीचा स्पेसर हबच्या मधल्या उंचवट्याची तेवढी उंची खातो. त्या उंचवट्यावर चाक मध्यभागी बसतं. स्पेसर साधा सपाट असेल तर चाकाला मध्य धरायला कमी जागा उरते आणि सगळा भार बोल्टांच्या शंकूवर येतो. स्पेसर घ्यायचाच तर स्वतःचा उंचवटा असलेला, आणि बोल्ट बरोबर ५ मिमी जास्त लांब. पण नवीनच घेताय तर ईटी ३५ चं चाक घ्या, मधे एक सुटा भाग कशाला वाढवायचा?

आता बोल्ट. ई८९ ला एम१२ × १.५ (१२ मिमी जाड, दर फेऱ्याला दीड मिमी आत जाणारे), ६० अंशाच्या शंकूच्या बैठकीचे लागतात, म्हणजे टेकणारी बाजू शंकूसारखी. काही गाड्यांचे बोल्ट गोल बैठकीचे असतात, ते हातात सारखेच वाटतात. शंकूच्या भोकात गोल बोल्ट बसवला की तो एका बारीक रेघेवर टेकतो. टॉर्क (पिळण्याचा जोर) भरल्याचा पाना कटकन वाजतो आणि शंभर किलोमीटरवर बोल्ट ढिला. बोल्टची टेकणारी बाजू उन्हात धरून बघा, तिरकी सरळ दिसते की फुगीर.

लांबीची परीक्षा: चाक हबवर टेकवून बोल्ट हाताने फिरवत पूर्ण घट्ट होईपर्यंत फेरे मोजा. एम१२ ला किमान ८ फेरे मिळाले पाहिजेत, म्हणजे १२ मिमी आटे धरले. त्याहून कमी भरले तर मोठा बोल्ट आणा. आणि जास्तच लांब झाला तर तो हबच्या मागून बाहेर येऊन आतल्या भागांना टोकतो, मागच्या चाकात हँडब्रेकच्या भागांना लागायची भीती. म्हणून पाचही बोल्ट लावल्यावर चाक हाताने एक पूर्ण फेरी फिरवायचं आणि कान लावायचा. टक्-टक् आलं तर तिथेच थांबायचं.

सेंटर बोअर ७४.१ आहे, तुमचा हब ७२.६. मधल्या दीड मिलिमीटरसाठी ७४.१ ते ७२.६ अशी हब रिंग लागेल, चार नग. भिंत पाऊण मिलिमीटरची असल्याने नाजूक वाटते, तरी ॲल्युमिनियमचीच घ्या. प्लॅस्टिकची घाटात ब्रेक तापले की मऊ पडते आणि पुढच्या वेळी चाक काढताना तुकडे होऊन हबला चिकटून बसते. रिंग टाकलीच नाही तर चाक बोल्टांवर दोन-चार दशांश मिलिमीटर सरकून बसतं. गावात काही कळत नाही, समृद्धीवर ९०-१०० ला स्टिअरिंग थरथरतं. लोक मग बॅलन्सिंग पुन्हा पुन्हा करून घेतात आणि पैसे वाया जातात, कारण बॅलन्सिंगच्या मशिनवर चाक शंकूने मध्यभागी धरलेलं असतं, तिथे दोष दिसतच नाही.

पीसीडी ५ × १२० चीच चाकं घ्या याचा पुनरुच्चार करतो, कारण नंतरच्या पिढीची झेड४, जी२९, ५ × ११२ वर आहे. "झेड४ ची चाकं" एवढ्यावर सौदा करू नका.

चढवायची पद्धत लिहितो, टायर लावण्याआधीची. आधी रिकामी रिम चढवा. टायर लावून मग बसत नाही असं कळलं तर दुकानदार परत घेत नाही, आणि त्याचंही बरोबर आहे. गाडी जॅकवर उचलून स्टँडवर ठेवा, नुसत्या जॅकवर हात घालू नका. हबची जागा तारेच्या ब्रशने घासून गंज काढा, पुसून घ्या. हबच्या उंचवट्यावर बोटाने अगदी पातळ ग्रीस चालेल. बोल्टच्या आट्यांना आणि शंकूला ग्रीस-तेल काहीही लावायचं नाही. तेल लागलेल्या बोल्टला १२० चा टॉर्क दिला की प्रत्यक्षात बोल्ट त्याच्याहून बराच जास्त ताणला जातो.

रिम लावून दोन बोल्टांवर धरा, फिरवा. ब्रेक कॅलिपर (डिस्कला पकडणारा भाग) आणि स्पोक यांच्यात किमान ३ मिमी हवेत, ब्रेक तापून फुगतात आणि रिमही थोडी वाकते. मग टायर लावलेलं मागचं एक चाक घ्या. आतल्या बाजूला, सस्पेन्शनच्या आर्मजवळ आणि मडगार्डच्या आतल्या लायनरवर मुलांच्या खेळण्यातल्या मऊ मातीचे लिंबाएवढे गोळे चिकटवा. जॅक खालच्या आर्मखाली लावून सस्पेन्शन हळूहळू वर दाबा, स्प्रिंग जवळजवळ संपेपर्यंत. दुसऱ्या बाजूचा आधार पक्का हवा. मग चाक काढून गोळे बघा. चपटा झालेला गोळा सुरीने कापून पट्टीने जाडी मोजा. आतल्या बाजूला ५ मिमी उरले तर ठीक. ३ च्या खाली असेल तर नको, कारण वळणात टायरची भिंत आडवी झुकते. बाहेरच्या कडेला ६-८ मिमी हवेत. पुढे हेच स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवून बघायचं.

शेवटचं घट्ट करणं. चाक हवेत असताना पाचही बोल्ट हाताने, मग एक सोडून एक असे ताऱ्यासारखे पान्याने टेकवा. गाडी जमिनीवर उतरवून टॉर्क रेंचने आधी साधारण ६०, मग १२० न्यूटन मीटर. दुकानातली हवेवर चालणारी गन वापरू देऊ नका. गनने कधी ८० भरतो, कधी २००, आणि असमान दाबाने ब्रेक डिस्क वाकडी होते. ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर थंड चाकांवर पुन्हा १२० तपासा. नवीन अलॉयचा रंग शंकूखाली दबतो, त्यामुळे पहिल्यांदा पाव फेरा मिळतोच.

---

काळीमाती (परभणी)

सगळं नीट सांगितलंय. आता तुमच्या चौथ्या प्रश्नाचं, रस्त्यांचं.

तुमच्या आत्ताच्या टायरची भिंत १०१ मिमी उंच आहे. २२५/४० ची ९०, २५५/३५ ची ८९. अकरा-बारा मिलिमीटर रबर गेलं आणि त्याजागी धातू आला. समृद्धीच्या काँक्रीटवर याचा त्रास नाही. त्रास काळ्या मातीवरच्या डांबरी रस्त्यांचा. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, म्हणून वरचं डांबर कितीही चांगलं असलं तरी काही वर्षांत रस्त्याला लांब लाटा पडतात. ८०-९० वर अशा दोन-तीन लाटा लागोपाठ आल्या की सस्पेन्शन पूर्ण दबतं. मातीच्या गोळ्यांची परीक्षा पूर्ण दाबून करायला सांगितलीय ती त्यासाठीच. उभ्या गाडीला बोट घालून "बरीच जागा आहे" म्हणणं कामाचं नाही. ऊसपट्ट्यात गाळपाच्या हंगामात ट्रॉल्यांनी डांबराच्या कडा तोडलेल्या असतात. समोरून वाहन आलं म्हणून चाक खाली उतरवलं आणि तिरकं वर घेतलं की ३५ च्या भिंतीतला दोरा तुटतो. बाहेरून अंड्याएवढा फुगा दिसतो. फुगा आला की तो टायर संपला, दुरुस्ती नाही.

पावसाळ्यात दुसरी गोष्ट. रुंद टायर पाण्यावर लवकर चढतो, कारण तेच वजन जास्त रुंदीवर पसरतं. तुमच्या जोडात मागचा रुंद आहे, म्हणजे पाणी साचलेल्या जागी आधी मागची बाजू तरंगणार. कायद्याची मर्यादा १.६ मिमी चराची आहे, पण मागचे टायर ३ मिमीला बदला. पुढे नवा आणि मागे गोटा झालेला टायर ही या गाडीसाठी सगळ्यात वाईट अवस्था. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे घ्या.

पावसात शेतरस्त्याला जाऊन आलात तर रिमच्या आतल्या पोकळीत काळी माती बसते आणि वाळून विटेसारखी होते. दुसऱ्या दिवशी हायवेवर गाडी थरथरली तर हब रिंगला दोष देण्याआधी रिमच्या मागून पाण्याचा जोरदार फवारा मारा.

उन्हाळ्यातली हवा. हवा सकाळी, गाडी उभी असताना, दारावरच्या हवेच्या आकड्यांच्या पट्टीनुसार भरा. साधारण दर ६ अंशाला १ पीएसआय वाढतो. सकाळी २५ अंशाला ३५ भरलेली हवा टायर ६५ अंशाला गेला की ४१-४२ दिसते. ते पाहून पेट्रोल पंपावर हवा सोडू नका. सोडली की दुसऱ्या दिवशी सकाळी टायर कमी हवेचा, आणि कमी हवेचा टायरच १२० च्या वेगाने भिंत वाकवत-वाकवत तापून फुटतो. मे महिन्यात इकडे ४२-४३ अंश आणि खाली तासन्तास एकसारखं काँक्रीट, तिथे ही चूक परवडणारी नाही.

---

पैठणरोड

ईटी ३५ चा सेट नक्की करतो. टायर रनफ्लॅट घ्यावेत की साधे? स्टेपनी नाहीच गाडीत. आणि विम्याला किंवा पासिंगला काही अडचण?

---

गोदाकाठ

टायरवरचा पूर्ण मजकूर वाचून घ्या, फक्त आकार नव्हे. तुमच्या १७ इंची टायरवर लोड इंडेक्स ९१ असेल, म्हणजे ६१५ किलो. २२५/४० आर१८ दोन प्रकारात येतो: ८८ म्हणजे ५६० किलो, आणि एक्सएल (जादा भाराचा) असलेला ९२ म्हणजे ६३० किलो. ८८ चा घेऊ नका, दुकानात स्वस्त म्हणून तोच पुढे करतील. मागे २५५/३५ आर१८ मध्ये ९४ एक्सएल, ६७० किलो. एक्सएल टायर तेवढं वजन पेलतो ते जास्त हवेवर, म्हणून १७ इंचांची हवा जशीच्या तशी भरू नका. पट्टीवर किंवा मॅन्युअलमध्ये १८ इंचांसाठी वेगळा आकडा असतो, तो घ्या. भिंतीवर आयएसआयची खूण आणि बनावटीचा आठवडा-वर्ष बघा. चार आकड्यांत पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. २५५/३५ आर१८ सारखा आकार सहज खपत नाही, त्यामुळे गोदामात पडून राहिलेला जुना माल मिळण्याची शक्यता जास्त.

रनफ्लॅटबद्दल माझं मत: संभाजीनगरच्या हद्दीत फिरणाऱ्याला साधे बरे, भिंत मऊ असल्याने लाटा आणि खड्डे जरा पोटात घेतात. पण तुम्ही बीड, कन्नड, धुळे म्हणता. रनफ्लॅट पूर्ण हवा गेल्यावरही ८० किलोमीटर, ८० च्या वेगाने चालतो, तेवढ्यात गाव लागतं. साधे घेतले तर डिकीत १२ व्होल्टचा कंप्रेसर, पंक्चरचे दोरे आणि रीमरचा संच, आणि पक्कड ठेवायलाच हवी. बाभळीचा काटा दोऱ्याने भागतो. भिंतीतली चीर कशानेच भागत नाही, तिथे क्रेन.

वेगवेगळ्या मापांचा एक कायमचा तोटा इथेच सांगून ठेवतो: पुढचे टायर मागे टाकता येत नाहीत. मागचे आधी संपतात, आणि दर वेळी जोडीनेच बदलावे लागतात. परदेशी बनावटीच्या टायरची आयात जून २०२० पासून परवान्यावर आहे, त्यामुळे हा आकार कधीकधी महिनोन् महिने मिळत नाही. ऑर्डर देण्याआधी पुण्या-मुंबईच्या दोन दुकानांत फोन करून मागचा २५५/३५ त्यांच्याकडे नेहमी असतो का ते विचारा. ज्या मॉडेलचा मागचा आकार मिळत राहील तेच मॉडेल पुढेही घ्या.

कायद्याचं: मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलापासून दूर जाणारा बदल चालत नाही. म्हणून दारावरच्या पट्टीवर किंवा मॅन्युअलमध्ये छापलेल्या मापांतच राहा. टायर दुकानात नेण्याआधी त्या पानाचा फोटो काढून ठेवा. विमा कंपनीला अलॉय-टायरच्या बिलासह लेखी कळवा आणि पोच घ्या. अलॉय चोरीला गेली किंवा वाकली तर दाव्याच्या वेळी ते बिलच कामाला येतं.

---

टॉर्कपाना

दोन गोष्टी राहिल्या. टायर चढवताना असिमेट्रिक (दोन्ही बाजूंची नक्षी वेगळी असलेल्या) टायरची "बाहेरची बाजू" बाहेर आली का ते प्रत्येक चाकाला बघा. मागच्या डाव्या-उजव्यात अदलाबदल झाली तर फार बिघडत नाही, पण बाणवाले डायरेक्शनल टायर उलटे लागले तर पावसात पाणी बाहेर फेकण्याऐवजी मध्यात ओढतात. ३५ ची भिंत ताठ असते. दुकानातल्या मशिनला प्लॅस्टिकचं डोकं आणि मदतीचा आर्म नसेल तर रिमची कड खरवडली जाते किंवा टायरची कड फाटते. जे दुकान फक्त पहारीने चढवतं तिथे हा सेट नेऊ नका. वजनं आतून चिकटवायची घ्या, कडेला ठोकायची नको.

मग अलाइनमेंट. आधी मागचं टो (वरून बघता चाक किती आत-बाहेर वळलंय तो कोन), मग पुढचं. मागचं वाकडं असताना पुढचं कितीही सरळ केलं तरी स्टिअरिंग तिरकंच राहतं. आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही छापील कागद मागा. मागच्या चाकांना या गाडीत मुळातच आत झुकलेला कॅम्बर असतो, म्हणजे चाकाचा वरचा भाग आत कललेला, त्यात टो बिघडलेलं असेल तर २५५ ची आतली कड महिन्याभरात तारा दाखवते आणि बाहेरून टायर नवा दिसतो. दर दोन-तीन हजार किलोमीटरला हात आत घालून ती कड चाचपा.

आणि चाकं बदलल्यावर मेन्यूत जाऊन टायर प्रेशरची पद्धत रीसेट करा, हवा भरल्यानंतर, आधी नाही. त्यानंतर काही किलोमीटर सरळ चालवा. ते केलं नाही तर गाडी जुन्या १७ इंचांच्या फेऱ्यांशी तुलना करत बसते आणि हवा पूर्ण असतानाही पंक्चरचा इशारा देते.

---

पैठणरोड

कळलं. १७ ची चारही चाकं विकणार नाही, पावसाळ्यासाठी ठेवतो. आधी रिकामी रिम चढवून मातीच्या गोळ्यांची मापं इथे टाकतो, टायरची ऑर्डर त्यानंतरच.

---

हबरिंग

ठेवाच. फक्त हब रिंग १८ च्या चाकांतच राहू द्या. १७ ची कंपनीची आहेत, थेट ७२.६ वर बसतात, त्यात रिंग जाणार नाही. एखादी हबला चिकटून राहिली आणि वरून १७ चं चाक ठोकून बसवलं तर ते हबला सपाट टेकत नाही. चाक काढलं की चार रिंग मोजून घ्या. मापं टाकाल तेव्हा मागच्या आतल्या बाजूची डावी आणि उजवी वेगळी लिहा, दोन्ही सारखी येतीलच असं नाही.